नाखव्यासाठी जागा

रेवदंडा, ता. ४ ऑक्टोबर १९५८

सौ. कमळ,

आशीर्वाद तू मागितला नाहीस, तरी पाठवतो. टपालात त्याचं वेगळं वजन होत नाही.

तुझा भाऊ रामचंद्र परवा एस.टी.नं आला. पडवीत बसला, चहा प्याला आणि पेणहून तू पाठवलेला निरोप शाळेतल्या कवितेसारखा म्हणून दाखवला. ‘समुद्र ऐकू येणार नाही असं घर बघा. आणि ते कुत्रं त्या घरात नको. मग कमळ येईल.’ एवढं म्हणून बिडी पेटवली. मी विचारलं, “हे शब्द तिचे की तुझे?” तर म्हणाला, “तिचेच, भावोजी. मी वाटेत विसरू नये म्हणून वडखळ नाक्यापर्यंत घोकत आलो.”

दीड वर्षानंतर बायकोचा निरोप आला, आणि त्यातही दोन अटी! बरं. निरोप आला हेच पुष्कळ.

घर तर मला नाहीतरी सोडायचंच आहे. मालकांचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून बायकापोरांसकट गावी येतोय. दिवाळीच्या आत घर रिकामं करा म्हणाले. इतकी वर्षं राहिलो, पण बोलायला जागा नाही, घर त्यांचं. तेव्हा समुद्र ऐकू न येणारं घर मी बघतो. मला तरी कुठं ऐकायचाय? बंदरावर जकात कारकून म्हणून जन्म घालवला, भरती-ओहोटीचं वेळापत्रक माझ्या हाडात गेलंय, ते विसरता आलं तर सुटलोच.

पण नाखव्याचं काय करू ते सांग. आपल्या रघूनं त्याला होडीच्या टोकाशी बसायला शिकवलं आणि नाव ठेवलं नाखवा. त्यावरून कोळीवाड्यातले होड्यांचे खरे नाखवे वर्षभर आपल्याशी बोलत नव्हते, आठवतं? तू म्हणायचीस, “कुत्र्याला मान दिला आणि माणसांचा गेला.” आता त्या नाखव्याला कुठं सोडू? तो म्हातारा झालाय. पुढच्या डाव्या पायावर लंगडतो. माझ्या खुर्चीखाली झोपतो आणि मी उठलो की उठतो.

तुला तो डोळ्यांसमोर नको, हे मला समजतं. न समजायला मी काय दगड आहे? पण कमळ, आपल्या घरातलं जे शेवटचं रघूच्या हातचं आहे, ते चार पायांवर चालतं. माझा इलाज नाही.

मी बरा आहे. भात आताशा करपत नाही.

दिनानाथ


रेवदंडा, ता. २० ऑक्टोबर १९५८

सौ. कमळ,

उत्तर नाही. चालेल. मी आपला लिहीत जातो.

घरं बघतोय. पायांचे तुकडे पडले. तुला वाटेल, गावात घरांचा काय दुष्काळ आहे? घरांचा नाही गं. अर्धा गाव मुंबईला, कुलपं लावलेली घरं पाहिजे तेवढी. पण मी अंगणात उभा राहिलो की लोक आधी माझ्या मागं बघतात. माझ्या मागं नाखवा. मग म्हणतात, “भरतीला रडतं, तेच ना हे?”

गावभर झालंय. कुत्रं रडलं की त्या आळीतलं माणूस जातं, हे इथं पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. भुंकणारं चालतं, चावणारं चालतं, रडणारं नको. घर देताना माणसाची जात विचारतात हे ठाऊक होतं. कुत्र्याचा स्वभाव विचारतात हे आता कळलं.

देवळाच्या आळीत तर पायरीवरूनच वाटेला लावलं. सोवळ्याचं कारण सांगितलं. ते एक बरं, निदान रडण्याचं नाव काढलं नाही.

मोहल्ल्यात हसनमियांकडे गेलो. त्यांच्या मागच्या घरात कुणी नाही. दोघंही जकात नाक्यावर एकत्र होतो, म्हटलं शब्द टाकून बघू. माणसानं खजूर पुढं ठेवले, चहा दिला आणि मग हात हातात घेऊन म्हणाले, “दिनानाथभाई, बिल्ली असती तर दोन आणा म्हटलं असतं. कुत्ता घरात नाही चालत आमच्यात. अब्बा पाच वक्त नमाजी. याची लाळ कपड्याला लागली की सगळं परत धुवा.” मग जाताना नाखव्यासाठी पानात गुंडाळून मटणाची हाडं दिली. नकार द्यावा तर असा.

हसू नकोस, पण माळीआळीत अंबाजीचं घर जवळजवळ मिळालंच होतं. अंबाजीला हल्ली ठार ऐकू येत नाही. मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, “कुत्रं रडतं हो!” तो म्हणाला, “रडंल तर रडंल, मला काय.” मी मनात म्हटलं, देव पावला. तेवढ्यात आतून सून आली. तिला ऐकू येतं. संपलं.

तुला समुद्र ऐकू येणार नाही असं घर पाहिजे. लोकांना नाखवा ऐकू येणार नाही असं पाहिजे. आणि मी दोघांना एका छपराखाली घालायला निघालोय. डोकं फिरलंय माझं, दुसरं काय!

काशी कोळीण वाटेत भेटली. टोपली खाली ठेवून तुझी चौकशी केली. “वयनी कवा येनार?” म्हणाली. मी म्हटलं, घर मिळालं की. “मंग आमच्या वाड्यात का न्हाय बगत?” मी हसण्यावारी नेलं. कोळीवाडा म्हणजे पाण्याच्या तोंडातच बसणं. तुझ्या अटीत तो पहिल्यांदा बाद. शिवाय तिथं ‘नाखवा’ म्हणून हाक मारली तर दहा माणसं ओ देतील आणि अकरावा माझं डोकं फोडेल.

दिवाळी जवळ आली. माळ्यावरची भांडी खाली काढली. तुझी तांब्याची घागर घासायला घेतली होती, अर्धीच झाली.

दिनानाथ


चौल, ता. ६ नोव्हेंबर १९५८

सौ. कमळ,

वरचं गावाचं नाव वाच. घर मिळालं!

चौलात अगदी आत, डोंगराच्या बाजूला, सुपारीच्या वाडीत. ठमाबाई म्हणून आहेत, त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि पडवी. स्वयंपाकाच्या जागेला पूर्वेची खिडकी आहे, सकाळचं ऊन थेट चुलीवर येतं. विहीर दारात, रहाट हलका, तुझ्या कमरेला त्रास होणार नाही. तुळस आहे पण वाळलेली. ती तू बघ. आणि मुख्य गोष्ट : पडवीत बसून कान दिले, खोलीत बसून दिले, विहिरीपाशी दिले. सुपाऱ्यांच्या झावळ्या वाजतात तेवढंच. समुद्र नाही.

नाखव्याचं कसं जमलं, ते ऐक. ठमाबाईंचे यजमान बाबाजी दम्यानं खाटेला खिळलेत. आम्ही खोल्या बघत होतो तेवढ्यात हा लंगडत सरळ त्यांच्या खाटेशी गेला. बाबाजींचा हात खाली लोंबत होता, त्या हाताखाली यानं डोकं नेऊन ठेवलं आणि उभा राहिला. बाबाजी म्हणाले, “राहू द्या यांना. भाडं ठरवा.” ठमाबाईंनी फक्त एक विचारलं, “भुंकतो का वो? यांची झोप मोडते.” मी म्हटलं, “अजिबात भुंकत नाही.” खरंच आहे ते. रघूच्या त्या दिवसापासून तो भुंकलेला नाही. रडतो का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तू म्हणशील, ही लबाडी झाली. मग झाली. मी असा हिशेब केला की समुद्र ऐकू आला नाही तर हा रडेल कशाला?

सामान बैलगाडीनं आणलं. जुन्या घराला कडी घालताना जरा वेळ लागला. दाराच्या चौकटीवर रघूच्या उंचीच्या खुणा आहेत ना, त्या काही गाडीत घालता येईनात. मालकांच्या मुलाला म्हटलं, रंग दिलात तरी चौकटीला देऊ नका. तो हो म्हणाला. बघू.

तुझी अर्धी अट मी पुरी केली. उरलेल्या अर्धीसाठी इथं येऊन माझ्याशी भांड. पेणला बसून काय मौनव्रत धरतेस? भाऊबीज भावाकडे कर आणि दुसऱ्या दिवसाची एस.टी. धर. मी नाक्यावर येतो. नाखव्याला आणत नाही, घरीच ठेवतो. तू त्याच्याकडे बघू नकोस. तो मागच्या अंगणात राहील, मी तसं बघेन. दोघांनी एकमेकांना नाही बघितलं तरी चालेल, पण एका घरात या.

दिनानाथ


चौल, ता. २८ नोव्हेंबर १९५८

सौ. कमळ,

तू आली नाहीस. मी तीनदा नाक्यावर जाऊन आलो. कंडक्टर आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

आणि इथं जे व्हायचं ते झालं.

परवा पौर्णिमा होती. भर दुपारची वेळ. मी पडवीत तांदूळ निवडत होतो. नाखवा खुर्चीखाली झोपलेला, तो उठला, अंगणाच्या मधोमध गेला, पश्चिमेकडे तोंड केलं, मान वर केली आणि लागला रडायला. अगं, इथं पाण्याचा आवाज नाही, वास नाही, वारासुद्धा डोंगराकडचा होता. मी वेळ बघितली. उधाणाची भरती पुरी भरायची वेळ. म्हणजे त्याला ते ऐकून कळत नव्हतंच. माझ्यासारखंच त्याच्याही हाडात गेलंय.

आतून ठमाबाई पदर खोचत धावत आल्या. मी त्याचं तोंड धरलं, तर घशातून तसाच आवाज. बाबाजींना नेमकी त्या दिवशी धाप जास्त होती. खाटेवर उठून बसले, ओठ निळे. बाई नवऱ्याकडे बघतात, कुत्र्याकडे बघतात आणि कपाळावर हात मारून घेतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्या पडवीत आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मला दुसरं कुनी न्हाय. तुम्ही रहा. त्याला तेवढं घालवा.” मी त्यांना सांगितलं, तो कुणाचं मरण सांगत नाही, झालेलंच सांगतो. त्या म्हणाल्या, “असंल. पण माझं मन कुठं ऐकतंय?”

आता दोन बायका एका बाजूला आणि मी एका बाजूला. तूही तेच म्हणतेस, त्याही तेच म्हणतात.

कमळ, त्या दिवसाबद्दल आपण एकदाही बोललो नाही. तू उठून पेणला गेलीस आणि मी जकात नाक्यावर कामाला गेलो. आज लिहितो. नको वाटलं तर इथून पुढं वाचू नकोस.

होळीचा दिवस. पोरं खाडीपलीकडं साळावला होळीचं झाड तोडायला गेली होती. बाकीची तरीतून, उतारूंच्या होडीतून, परत यायची होती. रघू म्हणाला, मी झाड होडीमागं बांधून ओढत आणतो, आणि निघाला, नाखव्याला टोकाशी बसवून. खाडीच्या तोंडाशी भरतीचं पाणी शिरत होतं, मागं झाडाचा ओढा. पुढचं कुणी बघितलं नाही.

तू पडवी नुकती सारवली होतीस. मी आत दाढी करत होतो. नाखवा आला, नखशिखांत ओला, आणि थेट सारवलेल्यावर उभा राहिला. तू खराटा उगारलास आणि नेहमीसारखं हसत म्हणालीस, “मेल्या, एकटाच आलास? कुठं सोडून आलास रे त्याला?”

रोजचंच होतं ते तुझं. रोज तो रघूच्या पुढं पळत यायचा आणि रोज तू विचारायचीस. त्या दिवशी त्यानं मान वर करून उत्तर दिलं.

तू त्याला खराटा मारला नाहीस, हे मी शपथेवर सांगेन. तुला वाटत असेल मारलास. मी आरशात बघत होतो. खराटा तुझ्या हातातून पडला.

नंतर लोक म्हणाले, “कसला नाखवा? खरा नाखवा होडी सोडून येतो काय?” ते तुझ्या कानांवर आलं आणि तुला ते पटलं. मला पटत नाही. पण हे माझं मत झालं.

समुद्रानं आपल्याला काही परत दिलं नाही. हाच एक दिला.

दिनानाथ


चौल, ता. ५ डिसेंबर १९५८

कमळ,

नाखव्याला काल सोडून आलो. खाडीपलीकडे.

ठमाबाई म्हणाल्या, पाणी ओलांडून सोडलं की जनावर मागं येत नाही, वास पाण्यात तुटतो. सगळे तेच करतात. मांजर असलं तर गोणीत, कुत्रं असलं तर तरीवर. साळावच्या पुढं बुधाजी म्हणून शेतकरी आहे, ओळखीचा, त्याच्या खळ्यावर बांधून आलो. तो म्हणाला, “ऱ्हाऊंद्या, राखणीला हवाच व्हता.” चांगला माणूस आहे. पेज घालेन म्हणाला.

तरीत तो टोकाशी जाऊन बसला. उतरताना उतरेना. उचलून उतरवला.

तुझ्या दोन्ही अटी आता पुऱ्या झाल्या. समुद्र नाही. कुत्रं नाही. ये.

दिनानाथ


पेण, ता. ९ डिसेंबर १९५८

कुठं सोडून आलात त्याला?

कमळ


रेवदंडा, ता. १५ डिसेंबर १९५८

कमळ,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, “एवढंच लिवलंय हो, कारकून.” मी म्हटलं, पुरे आहे. पडवीत उभा राहून वाचलं आणि खाली बसलो. दीड वर्षानं तुझं अक्षर दिसलं. आणि वाक्य तेच. त्या दिवशी त्याला विचारलंस, आज मला.

तर सांगतो. सगळं सांगतो, काही झाकत नाही.

कार्ड हातात होतं तसाच निघालो. तरीवर बसलो. बुधाजी खळ्यावर सापडला. दोर हातात घेऊन दाखवला, चावून तोडलेला. म्हणाला, “तुमी गेलाव आन यानं पेजेला त्वांड लावलं न्हाय. सकाळी बगतो त दोर तुटलेला. मी मागं पळत गेलो. खाडीला लागला व्हता. वरडलो, पन थांबला न्हाय. ओहोटीला उतरला पान्यात. म्हातारं कुत्रं, वढीला कुठं टिकनार?” आणि माझी नजर चुकवून खळं झाडायला लागला.

कमळ, मला सांग, सगळ्या गावाला जे कळत नाही ते मला तरी कळायला नको होतं? पाणी ओलांडून सोडलं की जनावर येत नाही म्हणे. अगं, हा त्याच खाडीतून पोहत आलेला कुत्रा! त्याला पाण्याची भीती घालायला मी निघालो होतो. लोक म्हणाले, मी ऐकलं. जन्मभर बंदरावर बसून एवढी अक्कल आली मला.

परत येताना तरीत बसवेना. टोकाशी जाऊन उभा राहिलो. तरीचा तांडेल म्हणाला, “कारकून, खाली बसा, पडाल.” सगळं पाणी बघत आलो. तुला खोटं कशाला सांगू, मी मेलेलं कुत्रंच शोधत होतो.

धक्क्यावर उतरलो तर चौलच्या वाटेला पाय वळेनात. जुन्या घराकडे गेलो. मालकांच्या मुलानं कौलं उतरवलीत, वासे उघडे पडलेत, गवंडी लागलेत. आणि पडवीत, आपल्या पडवीत, तू सारवायचीस त्याच जागी हा पडलेला. बाजूला करवंटीत पेज.

चौलच्या घराकडे आला नाही तो. ते त्याच्या लेखी घर नव्हतंच. घर म्हटल्यावर त्याला हेच ठाऊक.

मी हाक मारली. शेपूट जमिनीवर एकदा आपटलं. उठला नाही. पायांची कातडी सोलवटलीय, शिंपल्यांनी फाटलीय. गवंडी म्हणाले, “आला तेव्हा वला चिंब व्हता. उठवला तरी उठंना. कोळीन रोज येऊन खाऊ घालते.”

कोळीण म्हणजे काशी. तेवढ्यात ती आलीच. टोपली आपटली आणि माझ्यावर अशी तुटून पडली की गवंड्यांनी हातातलं काम सोडलं. “लाज न्हाय वाटली तुला, कारकूनभाव? ज्या पान्यानं तुजा पोर घेतला, त्याच पान्यापलीकडं याला टाकून आलास? याला त्या पान्यातला रस्ता ठावं हाय, तुला न्हाय?” ती बोलत राहिली, मग बोलता बोलता खाली बसली आणि त्याच्या कानामागं खाजवायला लागली. म्हणाली, “माजे घरामागं खोली हाय. धनी बुडाल्यापासून जाल्यांनी भरलीय. जाली काढतंय. याला घेऊन ये.”

मी म्हटलं, “काशी, हा भरतीला रडतो.”

“रडंना! भरतीच्या टायमाला दारात उबी ऱ्हात न्हाय अशी एक बाय दाखव आमच्या वाड्यात. आमी त्वांड दाबून रडताव, हा उगडून रडतो.”

“आणि नाव? तुमच्या लोकांना राग आहे त्या नावाचा.”

ती हसली. डोळे पुसत हसली. “नाखव्याला कोळीवाड्यात जागा न्हाय, त मंग कुठं हाय रं?”

मी तिथंच पडवीत बसलो आणि रडलो, कमळ. गवंड्यांसमोर, काशीसमोर, मोठ्यानं. रघू गेल्यापासून पहिल्यांदा. एवढा काळ आपल्या घरात रडायचं काम एकट्या नाखव्यावर टाकलं होतं आपण, आणि वर त्याच्यावरच चिडत होतो. तूही नाही रडलीस. मला ठाऊक आहे.

त्याला हातांवर उचलून कोळीवाड्यात नेलं. वाटेत दोन नाखवे जाळी विणत बसले होते, ते उठून उभे राहिले. एकानं विचारलं, “परत पवून आला?” मी म्हटलं, हो. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

चौलला जाऊन ठमाबाईंना किल्ली दिली. त्यांना खूप वाईट वाटलं. बाबाजींनी नाखव्याची खुशाली विचारली. बाबाजींना थोडा आराम आहे.

तेव्हा आता हे असं आहे. तुझ्या दोन्ही अटी मी मोडल्या. ही खोली काशीच्या घराच्या मागं, दार उघडलं की वाळू. समुद्र ऐकू येतो का विचारशील, तर दुसरं काही ऐकूच येत नाही. मासळीचा वास आहे. विहीर लांब आहे, पाणी मी आणीन. पूर्वेची खिडकी नाही. जुन्या घराची चौकट सुताराकडून काढून घेतली आहे, मालकांच्या मुलानं दिली बिचाऱ्यानं. ती आत भिंतीला टेकवून ठेवलीय. तिच्यातून कुठं जाता येत नाही, पण खुणा आहेत.

ये म्हणून मी आता अट घालत नाही आणि गळही घालत नाही. पण तू विचारलंस, ‘कुठं सोडून आलात त्याला?’ ज्याला तो नको असतो, तो हे विचारत नाही. म्हणून लिहितो.

यायचं झालं तर तुझं एखादं जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं घेऊन ये. मी माझ्या पंचानं पुसून बघतो, पण तो जाडाभरडा, त्याच्या कातडीला लागतो. अंग अजून ओलसरच वाटतं. रात्रंदिवस थरथरतो. त्या होळीच्या दिवशीही तो असाच भिजून आला होता, आणि गावातल्या प्रत्येकानं त्याला विचारलं, पण अंग कुणी पुसलं नाही. मीही नाही.

आज भरतीला रडला नाही. मान उचलायची ताकद नाही. नुसता दाराकडे तोंड करून पडून राहिला. फार दिवस काढेल असं मला वाटत नाही. काशी म्हणते, वयनी येईपर्यंत थांबेल. मलाही तसंच वाटतं. थांबायची त्याला सवय आहे.

दिनानाथ